काचेच्या आतला मत्स्यन्याय

प्राचीन भारतीय राजनीतिशास्त्राने अराजकाला जे नाव दिले, ते पाण्याखालून घेतलेले आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, त्याप्रमाणे दंड धारण करणारा कोणी नसेल तर बलवान दुर्बलाला ग्रासतो, या स्थितीला ‘मत्स्यन्याय’ म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्याच अधिकरणात ही कल्पना येते, महाभारताच्या शांतिपर्वात राजधर्माच्या विवेचनाला ती आधार पुरवते, आणि दोन्ही ठिकाणी तिच्यावरचा उपाय एकच सांगितला आहे, तो म्हणजे राजा. कौटिल्याने हेरांच्या तोंडी घातलेल्या एका संवादात असे म्हटले आहे की, मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा भाग, विक्रीच्या मालाचा दहावा भाग व सोने त्याच्या वाट्याला नेमून दिले. या सगळ्या चर्चेत मासे केवळ दृष्टान्तापुरते येतात. प्रत्यक्ष माशांमधील बळाच्या वापराला जबाबदार कोण, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही, आणि तो विचारण्याचे कारणही नव्हते, कारण समुद्रातील माशांवर कोणाचे राज्य नव्हते. घरातल्या मोठ्या टाकीत खारे पाणी भरून प्रवाळांवरचे मासे एकत्र पाळण्याची रीत रूढ झाल्यापासून मात्र हा प्रश्न अक्षरशः विचारता येतो. अशा टाकीत दिवस केव्हा उजाडावा, पाण्यात मीठ किती असावे, अन्न केव्हा पडावे आणि कोणाच्या शेजारी कोणी राहावे, हे सर्व एकच माणूस ठरवतो. तेव्हा त्या काचेच्या आत एका माशाने दुसऱ्याला मारले, तर ती हिंसा कोणाची?

उत्तराकडे जाण्यापूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण प्राचीन दृष्टान्त आणि आजची टाकी यांच्यात तो राहून जातो. मत्स्यन्यायात एक मासा दुसऱ्याला खातो, म्हणजे तेथे भक्ष्य-भक्षक संबंध असतो. प्रवाळांवरील माशांच्या ज्या भांडणांनी मत्स्यपालक हैराण होतात, ती बहुधा भक्षणाची नसतात, हद्दीची असतात. हद्द म्हणजे अन्न, आसरा किंवा अंडी घालण्याची जागा यांसाठी एखाद्या प्राण्याने व्यापलेला आणि इतरांना, विशेषतः आपल्याच जातीच्या प्राण्यांना, हुसकावून राखलेला प्रदेश. भक्षणात विषमता असते, कारण गिळणारा मोठा आणि गिळला जाणारा लहान असतो. हद्दीचा संघर्ष मात्र प्रामुख्याने समानांमध्ये पेटतो, कारण ज्याला तेच अन्न आणि तीच कपार हवी असते तोच खरा प्रतिस्पर्धी असतो. म्हणून एखादा मासा आपल्यापेक्षा वेगळ्या आकाराच्या व रंगाच्या दहा शेजाऱ्यांना खपवून घेतो आणि आपल्यासारख्याच अकराव्यावर तुटून पडतो.

या वृत्तीमागे केवळ उद्दामपणा नाही, हे डॅमसेल नावाच्या लहान माशांच्या उदाहरणावरून चांगले समजते. त्यांच्यातील काही जाती प्रवाळाच्या मृत भागावर शेवाळाची बाग राखतात. नको असलेले शेवाळ त्या तोंडाने उपटून बाहेर टाकतात, बागेत शिरलेली समुद्री साळिंदरे, म्हणजे काटेरी गोल सागरी जीव, उचलून दूर नेतात आणि चरायला येणाऱ्या कितीतरी मोठ्या माशांवर धावून जातात. येथे हद्द श्रमातून निर्माण झालेली असते. ज्याने झाडोरा तोडून जमीन साफ केली त्याचे शेत, असा स्वामित्वाचा नियम मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात सांगितला आहे. तो माणसांसाठी सांगितला गेला हे खरे, परंतु डॅमसेलच्या बागेकडे पाहताना तो आठवल्याशिवाय राहत नाही. सर्जनफिश या कुळातील माशांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, ज्यावरून त्यांना शल्यविशारदाचे नाव मिळाले. त्यांच्यापैकी तांबड्या समुद्रातील सोहल हा मासा चरण्याची जागा इतक्या कडवेपणाने राखतो की, अनुभवी मत्स्यपालकही त्याच्यापुढे हात टेकतात. एम्परर एंजलफिश या माशाची पिल्ले गडद निळी असून त्यांच्या अंगावर पांढरी वलये असतात, तर प्रौढ मासा पिवळ्या पट्ट्यांचा असतो. हा रंगभेद पिल्लाला प्रौढांच्या रोषापासून वाचवतो, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे.

क्लाउनफिशची व्यवस्था याहून गुंतागुंतीची आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोनी, या दंश करणाऱ्या जीवाच्या आश्रयाने या माशांचा लहानसा गट राहतो. त्यात सर्वांत मोठी मादी, तिच्याखालोखाल प्रजननक्षम नर आणि त्यांच्याखाली उतरत्या आकाराने प्रजनन न करणारे मासे अशी उतरंड असते. मादी मेली तर नराचे मादीत रूपांतर होते आणि खालचा मासा एक पायरी वर चढतो. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसले की, खालच्या पायरीवरचे मासे स्वतःची वाढच आवरून धरतात, कारण वरच्याच्या आकाराच्या फार जवळ जाणारा मासा आव्हान देणारा ठरतो आणि गटाबाहेर हाकलला जातो. अ‍ॅनिमोनीबाहेर हाकललेला मासा समुद्रात फार काळ टिकत नाही. म्हणून समुद्र म्हणजे सौम्यतेचे राज्य आणि टाकी म्हणजे क्रूरतेचे, अशी सोपी विभागणी करता येत नाही. समुद्रातही या उतरंडीचा आधार अखेर मृत्यूचे भय हाच आहे.

तरीही दोन्हींत एक निर्णायक फरक आहे, आणि तो ज्याने ठळकपणे मांडला त्या कोनराड लोरेन्झचा विचार येथे टाळता येत नाही. प्राणिवर्तनाच्या अभ्यासाबद्दल १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरलेल्या या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये आक्रमकतेवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि त्याची सुरुवात प्रवाळांवरील भडक रंगांच्या माशांपासून केली. एकाच जातीच्या प्राण्यांमधील आक्रमकतेचे कार्य मारणे हे नसून त्यांना उपलब्ध जागेत दूर दूर पसरवणे हे असते, असे त्याचे प्रतिपादन होते. समुद्रात हरलेला मासा पळतो, हद्दीच्या रेषेपलीकडे जाताच जेत्याचा पाठलाग थांबतो आणि प्रकरण संपते. टाकीत पळायला जागा नसल्याने तोच पाठलाग हरलेल्याच्या मृत्यूपर्यंत चालतो. लोरेन्झ १९३८ मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता, आणि प्राण्यांवरून माणसांविषयी काढलेले त्याचे निष्कर्ष स्वीकारताना वाचकाने सावध राहणे योग्यच आहे. तथापि माशांच्या पलायनाविषयीचे त्याचे निरीक्षण कोणत्याही मत्स्यपालकाला स्वतःच्या टाकीत पडताळून पाहता येते, आणि ते खरे ठरते.

पक्ष्यांच्या बाबतीत १९५४ मध्ये जेम्स फिशर या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने ‘प्रिय शत्रू’ अशी एक संकल्पना मांडली, जी पुढे माशांसह इतर अनेक प्राण्यांनाही लागू पडते असे आढळले. शेजारच्या हद्दीचा मालक ओळखीचा झाला की त्याच्याशी होणाऱ्या चकमकी सौम्य होतात आणि खरा रोष परक्यासाठी राखून ठेवला जातो. हद्द ही अशा प्रकारे भांडणाचे कारण असते, तशीच भांडण मिटवण्याची व्यवस्थाही असते. दंडधर राजा नसतानाही प्रवाळांवर जी काही सुव्यवस्था नांदते ती या दोन गोष्टींवर उभी असते, ओळखीची सीमा आणि तिच्यापलीकडे उरलेली मोकळी जागा. मत्स्यन्याय या कल्पनेच्या कर्त्यांनी पाण्यात केवळ गिळणे पाहिले. पाण्यातली ही दुसरी व्यवस्था त्यांच्या दृष्टीस पडली नाही, याचा दोष त्यांना देता येणार नाही, कारण ती काठावरून दिसत नाही.

आता काचेकडे यावे. घरगुती मापाने मोठी मानली जाणारी, म्हणजे साधारण सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी घेतली, तर तिच्यात सुमारे ६५० लिटर पाणी मावते आणि दगड रचल्यावर त्याहूनही कमी. तिच्या तळाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरहून किंचित अधिक भरते. शेवाळाची बाग राखणारा एखादा डॅमसेल, ज्याची लांबी बोटाएवढी असते, समुद्रात अनेकदा तेवढी किंवा त्याहून मोठी जागा एकटा सांभाळतो. म्हणजे पाहणाऱ्याला जो लहानसा समुद्र वाटतो, तो त्या माशाच्या लेखी जेमतेम एक शेत असते, आणि त्या एका शेतात आठ-दहा मालक सोडलेले असतात. पुढे काय घडते ते या छंदातील सर्वांना ठाऊक आहे. पहिला आलेला मासा सर्व दगड आपले मानतो. नवा आलेला एका कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागालगत किंवा पंपाच्या मागे अंग चोरून राहतो. त्याचे पर फाटतात, तो अन्नावर येत नाही, आणि ताणाने खचलेल्या शरीरावर एका एकपेशीय परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झपाट्याने पसरतो. मृत्यूची नोंद बहुतेक वेळा रोगाच्या नावावर होते. ही नोंद अपुरी आहे, कारण रोगापूर्वी त्या जिवाचा निवारा गेलेला असतो.

या संकटावर मत्स्यपालकांनी शोधलेले उपाय मात्र बुद्धीची साक्ष देणारे आहेत. सर्वांत भांडखोर मासा सर्वांत शेवटी सोडावा, म्हणजे त्याला आधीच्या मालकीचा हक्क मिळत नाही; नवा मासा आणताना दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या सीमा पुसल्या जाऊन सर्वांना नव्याने सुरुवात करावी लागते; नवागताला काही दिवस छिद्रांच्या पारदर्शक पेटीत टाकीतच ठेवावे, म्हणजे जखम न होता ओळख होते; अन्न एकाच जागी न टाकता अनेक ठिकाणी टाकावे; काचेबाहेर आरसा लावावा, म्हणजे आक्रमक मासा काही काळ स्वतःच्या प्रतिबिंबाशी झुंजतो. राजनीतीतील साम, दान, भेद आणि दंड या चार उपायांपैकी पहिले तीन येथे ओळखू येतात, परंतु चौथ्याचा उपयोग होत नाही. आक्रमक माशाला पकडून आठवडाभर वेगळे ठेवले, तर परतल्यावर तो निवळलेला दिसतो, पण ती सुधारणा शिक्षेने झालेली नसते. त्याच्या गैरहजेरीत हद्दी बदललेल्या असतात आणि तोच आता परका ठरलेला असतो. दंड तेथेच सार्थ होतो जेथे अपराध असतो. कौटिल्याच्या दंडनीतीची सगळी रचना अपराध करणाऱ्याला तो टाळता आला असता, या गृहीतावर उभी आहे, आणि सोहल माशाला ते लागू करता येत नाही.

येथूनच उत्तरदायित्वाचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो. वैदिक परंपरेतील उत्तरकालीन विचार मनुष्ययोनीला कर्मयोनी आणि पशुयोनीला भोगयोनी मानतो. पशू पूर्वकर्मांची फळे भोगतात, नवे पाप-पुण्य जोडीत नाहीत, कारण विधि-निषेधाचा अधिकार त्यांना नाही. या भूमिकेवरून पाहता टाकीतील मारणारा मासा निर्दोष ठरतो. जैन परंपरा याला सहजासहजी मान्यता देणार नाही. जैन मतानुसार मासा हा पाच इंद्रियांचा जीव आहे आणि अशा जिवांतील काहींना मनही असते, म्हणजे भावनेने केलेल्या हिंसेचा दोष त्यांना लागू शकतो. जैन कथासाहित्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या एका माशाची कथा आहे. एका प्रचंड महामत्स्याच्या कानाच्या, किंवा दुसऱ्या पाठानुसार पापणीच्या, आश्रयाने तो राहतो. महामत्स्याच्या उघड्या तोंडातून असंख्य लहान मासे आत जातात आणि सुटून बाहेरही येतात, हे पाहून तो मनात म्हणतो की, आपले शरीर एवढे असते तर एकालाही सुटू दिले नसते. त्याने कोणालाही मारलेले नसते, आणि केवळ त्या क्रूर भावनेमुळे तो सातव्या नरकात जातो.

ही कथा वरवर पाहता माशाला दोषी ठरवते, परंतु तिचा रोख माशांच्या आचरणावर नसून संकल्पाच्या सामर्थ्यावर आहे, आणि टाकीच्या संदर्भात तिचा आधार घेतला तर ती पाळणाऱ्याच्याच विरुद्ध साक्ष देते. कारण मासे सुटू नयेत ही इच्छा टाकीत कोणाची असते? ज्याने काच बसवली त्याची. जैन आचारात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाध आणणारी वर्तने, सांगितले आहेत, त्यांत बंध हा पहिला आहे. मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे ही त्यानंतर येतात. बांधून वा कोंडून ठेवण्याचा हा निर्देश फार सूक्ष्म निरीक्षणातून आला असावा, कारण हद्दीच्या माशांच्या बाबतीत उरलेल्यांपैकी बहुतेक गोष्टी पहिल्यापासून आपोआप निपजतात. एकदा कोंडले की मारणे, पर तोडणे आणि दुर्बलाला अन्नापर्यंत पोहोचू न देणे ही कामे दुसरा मासाच करतो, आणि पाळणाऱ्याचा हात स्वच्छ राहिल्याचा भास होतो.

तो भासच होय, हे पातंजल योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातील एका प्रसिद्ध विभागणीवरून स्पष्ट होते. तेथे हिंसा तीन प्रकारची मानली आहे, स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. टाकीतील हिंसा यांपैकी दुसऱ्या प्रकारात सरळ बसते, असे म्हणणे काहींना कठोर वाटेल. मासे एकमेकांना मारावेत असा हेतू कोणाही मत्स्यपालकाचा नसतो. उलट जखमी माशासाठी रात्र रात्र जागणारे, पाण्याचे तापमान आणि क्षारता तासातासाला तपासणारे लोक या छंदात मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या मायेविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल. परंतु हेतू नसणे आणि परिणाम ठाऊक नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांदा घडलेली हानी अज्ञानाची म्हणता येते. दोन सोहल एका सहा फुटी टाकीत राहणार नाहीत हे वाचलेल्या, ऐकलेल्या आणि पाहिलेल्या माणसाने ते पुन्हा एकत्र सोडले, तर त्यानंतरच्या मृत्यूला करवलेली हिंसा हेच नाव शोभते.

त्याच पादात पुढच्याच सूत्रात असे सांगितले आहे की, अहिंसा ज्याच्या ठायी पूर्ण स्थिरावली त्याच्या सान्निध्यात जिवांचे परस्परवैर गळून पडते. संस्कृत काव्यांतील तपोवनांची वर्णने, जेथे स्वाभाविक वैरी प्राणी एकत्र नांदतात, याच श्रद्धेतून आलेली आहेत. प्रवाळांच्या मोठ्या टाकीपुढे बसलेल्या माणसाला जे समाधान मिळते, त्याची मुळेही कोठेतरी या स्वप्नात असावीत, कारण नाना रंगांचे जीव एकमेकांजवळून निर्वेधपणे फिरत आहेत हे दृश्य केवळ डोळ्यांना नव्हे, अंतःकरणालाही हवेसे वाटते. पण टाकीतील शांतता पुष्कळदा ज्या मार्गाने साधली जाते तो पाहण्यासारखा आहे. आफ्रिकेतील मलावी सरोवराचे सिक्लिड मासे पाळणाऱ्यांनी रूढ केलेली आणि समुद्री माशांच्या बाबतीतही वापरली जाणारी एक पद्धत अशी की, टाकीत मुद्दाम गर्दी करावी. त्यामुळे कोणालाही हद्द आखता येत नाही, आक्रमकता अनेकांवर विभागली जाते आणि एकच मासा बळी पडत नाही. भांडण मिटते हे खरे, पण ते सर्वांना भूमिहीन केल्यामुळे मिटते. वैर सोडण्यासाठी आधी वैर धरण्याइतके स्वत्व असावे लागते. ज्याच्याजवळ राखण्यासारखे काही उरलेच नाही, त्याच्या स्वस्थतेला वैरत्याग म्हणणे हा शब्दाचा आणि त्या जिवाचा दोघांचाही अवमान आहे. गर्दीने आणलेली शांतता ही टाकीतील सर्व उपायांत सर्वांत फसवी आहे, असे निःशंकपणे म्हणावे लागते.

याउलट प्रवाळांवर एक स्वाभाविक तहही आढळतो. क्लीनर रास नावाचा बोटाएवढा मासा एका ठरावीक जागी बसून मोठ्या माशांच्या अंगावरचे, कल्ल्यांतले आणि तोंडातलेही परजीवी टिपतो, आणि ज्यांच्या घशात तो सहज मावला असता ते शिकारी मासे तेवढ्या वेळेपुरते जबडा उघडून स्थिर राहतात. या माशावर जपानमधील संशोधकांनी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आरशात आपल्या गळ्यावरची खूण पाहून काही माशांनी ती घासून काढण्याचा प्रयत्न केला; त्याचा अर्थ आत्मभान असाच घ्यावा की नाही, यावर मतभेद आहेत. ट्राउट माशाच्या डोक्यात वेदना टिपणारी चेताग्रे असल्याचे लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले होते. माशाला काय कळते, हा प्रश्न आता हसण्यावारी नेण्यासारखा उरलेला नाही.

पाळणाऱ्याच्या बाजूने एक आक्षेप असा घेतला जातो की, समुद्रात या माशाला रोज मृत्यूची भीती असते, तर टाकीत त्याला अन्न, औषध आणि दीर्घायुष्य मिळते. क्लाउनफिश चांगल्या देखभालीत वीस वर्षांहून अधिक जगल्याची उदाहरणे आहेत, तेव्हा आक्षेप पोकळ नाही. परंतु जो एक मासा टाकीत सुखाने पोहतो, त्याच्यामागे काय घडले हे पाहिल्यावाचून हिशेब पूर्ण होत नाही. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी संवर्धनातून येतात, समुद्री मासे मात्र बहुतांशी अजूनही प्रवाळांवरून पकडलेले असतात. फिलिपाइन्ससारख्या ठिकाणी १९६०च्या दशकापासून ते गुंगवून पकडण्यासाठी सायनाइड फवारले जात आले आहे, ज्याने आसपासचे प्रवाळही मरतात. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे जे विस्तृत निरूपण आहे, त्यात हिंसेच्या पोटी जन्मलेल्या अहिंसेची ज्ञानेश्वरांनी परखड समीक्षा केली आहे. झाडाच्या फांद्या तोडून त्याच झाडाच्या बुडख्याभोवती कुंपण घालावे, तशी ही अहिंसा आहे, असे ते म्हणतात. त्यांचा रोख यज्ञविधीवर आणि औषधासाठी वनस्पती उपटणाऱ्या वैद्यकावर होता. टाकीतील चार माशांचे प्राणपणाने रक्षण आणि त्यासाठी उजाड होणारा प्रवाळ यांचे नाते याहून नेमक्या रीतीने सांगता येणार नाही.

संवर्धनाने हा एक भाग सुटू शकतो, आणि त्या दिशेने झालेले काम मनापासून स्वागतार्ह आहे. क्लाउनफिशचे बीजोत्पादन जगभर होते, नवी मुंबईत ऐरोली येथेही त्याचे केंद्र उभे राहिले आहे. हवाईमधील पिवळ्या टँग या सर्जनफिशची पैदास बंदिस्त जागेत प्रथमच यशस्वी झाली ती २०१५ मध्ये. पण बीजोत्पादन केंद्रात जन्मलेला मासाही हद्द विसरून जन्माला येत नाही. पकडण्याची हिंसा टळली तरी कोंडण्याची शिल्लक राहते, आणि तिचे मोजमाप टाकीच्या लांबीरुंदीत आणि माशांच्या संख्येतच करावे लागते.

राजसत्तेने माशांचा विचार कधी केलाच नाही असे मात्र नाही. कौटिल्याने अभय दिलेल्या पशुपक्ष्यांबरोबर माशांचाही उल्लेख करून त्यांना पकडणे, मारणे वा इजा करणे यांसाठी मोठा दंड सांगितला आहे. अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांच्या यादीत काही मासे घातले आणि एका जिवाला खाऊ घालून दुसरा जीव पोसू नये असेही सांगितले. जिवंत मासे खाऊ घालून लायनफिशसारखे शिकारी मासे पाळणाऱ्यांनी या शेवटच्या आज्ञेचा जरूर विचार करावा.

आता मनूकडे वळता येईल, कारण ज्या मनूला मत्स्यन्यायातून सुटण्यासाठी प्रजेने राजा केले असे कौटिल्य सांगतो, त्याच मनूने शतपथ ब्राह्मणात एक मासा पाळलेला आहे. सकाळी हात धुण्याच्या पाण्यात एक लहान मासा त्याच्या हाती येतो आणि आपले पालन कर अशी विनंती करतो, कारण मासे लहान असतात तोवर मासेच त्यांना गिळतात. मला आधी घटात ठेव, घटात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव आणि तेथेही मावेनासा झालो की समुद्रात ने, असा पालनाचा क्रम त्या माशानेच सांगितलेला आहे. महाभारताच्या वनपर्वातील कथेत घटानंतर विहीर, मग गंगा आणि मग समुद्र असे टप्पे येतात. प्रलय, नौका आणि सृष्टीचे पुनरुज्जीवन या पुढच्या भव्य घटनांमुळे या क्रमाकडे सहसा लक्ष जात नाही, पण पालनाची याहून शुद्ध कल्पना भारतीय वाङ्मयात शोधून सापडणार नाही. येथे मासा आश्रय मागून आलेला आहे, त्याला एकट्याला ठेवले आहे, भांडे माशाच्या मापाने बदलत जाते, आणि पालनाचा शेवट मुक्ततेत होतो. घरातील टाकी या चारही बाबतींत उलट आहे. मासा विकत आणलेला असतो, अनेकांबरोबर सोडलेला असतो, वाढायचे असते ते माशाने आणि मापात राहायचेही त्यानेच, आणि सुटकेचा टप्पा कोठेच नसतो. मनूच्या प्रजेने निदान त्याला निवडले होते आणि त्या बदल्यात संरक्षण मागितले होते. टाकीतील प्रजेने राजाही निवडलेला नसतो आणि शेजारीही.

पश्चात्ताप झालेला पाळणारा पुष्कळदा मनूचा शेवटचा टप्पा गाठू पाहतो, म्हणजे मासा समुद्रात सोडून देतो. बौद्ध परंपरेत जलवाहन नावाच्या वैद्यपुत्राने आटत्या तळ्यात हत्तींकरवी पाणी आणून दहा हजार मासे वाचवल्याची कथा सुवर्णप्रभास सूत्रात आहे, आणि जिवांना मुक्त करण्याचे पुण्य अनेक देशांत आजही मानले जाते. परंतु मनूने आणि जलवाहनाने मासे त्यांच्याच पाण्यात राखले होते. हिंदी आणि प्रशांत महासागरांतील लायनफिश १९८५ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यालगत प्रथम आढळला, बहुधा टाक्यांमधूनच सुटलेला किंवा सोडलेला. आज तो कॅरिबियन समुद्रभर पसरून ब्राझीलपर्यंत पोहोचला आहे आणि तेथील लहान प्रवाळमासे फस्त करतो. एका माशावरच्या दयेने दुसऱ्या समुद्रातील अगणित माशांवर असे संकट आले. म्हणून दूरच्या प्रवाळावरचा मासा मुंबईच्या वा मालवणच्या पाण्यात सोडणे हे पुण्य ठरू शकत नाही. नकोसा झालेला मासा दुकानदाराकडे किंवा मोठी टाकी असलेल्या जाणकाराकडेच सोपवला पाहिजे.

याचा अर्थ असा की, पाळणाऱ्याला पूर्ण स्वातंत्र्य असते ते एकदाच, मासा घरी आणण्यापूर्वी. त्यानंतरची प्रत्येक निवड कमी हानी आणि अधिक हानी यांच्यामधली असते. जैनांनी अपरिग्रहाचे, म्हणजे गरजेपलीकडे न साठवण्याचे, व्रत अहिंसेपासून वेगळे सांगितले असले तरी येथे ती दोन्ही एकच होतात, कारण टाकीत एक मासा कमी आणणे म्हणजे उरलेल्या सर्वांची हद्द वाढवणे होय. सहा फुटांच्या टाकीसाठी केंद्रात पैदास झालेली क्लाउनफिशची एक जोडी, एकच लहान जातीचा सर्जनफिश आणि हद्दीसाठी न भांडणारे दोन-चार शांत मासे एवढी वस्ती पुरेशी आहे. दगड असे रचावेत की पळणाऱ्याला प्रत्येक कपारीतून दुसरी वाट मिळेल. दुकानात उभे असताना प्रत्येक माशाची पूर्ण वाढीची लांबी विचारावी, तो पकडलेला की पैदास केलेला हे विचारावे, आणि टाकीत आधीच त्याचा जातभाई असेल तर तो कितीही देखणा असला तरी तेथेच राहू द्यावा.